शिंगराची वाढ आणि बाजाराचं वेळापत्रक

१५ जानेवारीला जन्मलेलं शिंगरू आणि त्याच वर्षी २० मेला जन्मलेलं शिंगरू, दोन्ही शर्यतीच्या हिशेबात एकाच दिवशी एक वर्षाची होतात. उत्तर गोलार्धातल्या सगळ्या थरोब्रेड, म्हणजे शर्यतीसाठीच पैदास केलेल्या जातीच्या घोड्यांचं वय १ जानेवारीला वाढतं, दक्षिण गोलार्धातल्यांचं साधारणपणे १ ऑगस्टला. वरच्या दोन शिंगरांच्या जन्मांत चार महिन्यांहून थोडं जास्त अंतर आहे. माणसाच्या मुलांत एवढ्या अंतराने फारसं बिघडत नाही. पण घोड्याचं पिल्लू पहिल्या बारा महिन्यांतच आपल्या पूर्ण उंचीच्या सुमारे नव्वद टक्के उंची गाठतं, त्यामुळे त्याच्या बाबतीत चार महिने म्हणजे बालपणाचा मोठा तुकडा झाला. तरीही पुढे दोन वर्षांच्या घोड्यांच्या शर्यतीत ही दोन्ही शेजारशेजारच्या फाटकांतून सुटतात.

वय मोजायला एक ठरलेली तारीख लागते हे मान्य. ती कागदाच्या सोयीपुरती राहिली असती तर तक्रार करायचं कारण नव्हतं. पण या तारखेने घोड्याचं सगळं आयुष्य आपल्याभोवती फिरवून घेतलं आहे. आईने कधी माजावर यावं, पिल्लाचं दूध कधी तुटावं, पाठीवर खोगीर कधी चढावं आणि पहिल्यांदा जीव तोडून कधी पळावं, हे सगळं तिच्या मागोमाग ठरतं. शर्यतीच्या घोड्याने कधी आणि किती वेगाने पळायचं हे त्याच्या हाडांच्या तयारीवरून ठरलं पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. आज ते तारखेवरून आणि लिलावाच्या हंगामावरून ठरतं. हे बदलता येतं, आणि त्यासाठी शर्यती बंद करण्याची गरज नाही.

सुरुवात घोडीपासूनच होते. दिवस मोठा होऊ लागला की घोडी माजावर येते आणि हिवाळ्यात तिचं चक्र थांबतं. गर्भ राहतो सुमारे ३४० दिवस. निसर्गावर सोडलं तर बहुतेक शिंगरं वसंताच्या भरात, कोवळं गवत वर आलेलं असताना जन्मतील. पण जे शिंगरू १ जानेवारीच्या जितकं जवळ जन्मेल, तितकं ते पुढे लिलावात आणि दोन वर्षांच्या शर्यतीत मोठं आणि भरलेलं दिसणार. म्हणून उत्तर गोलार्धात डिसेंबरच्या सुरुवातीपासून घोड्यांच्या खोल्यांत दिवे लावून दिवस सोळा तासांचा केला जातो. दोन-अडीच महिन्यांत घोडीच्या शरीराला वसंत आल्यासारखं वाटतं आणि फेब्रुवारीच्या मध्यापासून पैदास सुरू होते. काही पागांमध्ये त्यासाठी घोडीच्या एका डोळ्यावर निळा प्रकाश टाकणारा मुखवटा चढवतात. थरोब्रेडमध्ये कृत्रिम रेतनाला सक्त मनाई आहे. मीलन नैसर्गिक पद्धतीनेच व्हावं असा नियम जपणाऱ्या या क्षेत्राला ऋतू मात्र कृत्रिम चालतो, ही विसंगती मला नेहमी खटकते.

शिंगरू बहुधा रात्री जन्मतं. वजन पन्नास किलोच्या आसपास, आणि त्यातलं निम्मं पायांतच गेलंय असं वाटावं इतके लांब पाय. पुढचे पाय फाकवून ते उठू बघतं, नाकावर पडतं, थोडा वेळ धापा टाकतं, पुन्हा उठू बघतं. जाणता मोतद्दार बाजूला उभा राहून नुसता पाहतो, हात लावत नाही. तासाभरात शिंगरू उभं राहिलं पाहिजे, दोन तासांत आचळाला लागलं पाहिजे आणि तीन तासांत घोडीची वार पडली पाहिजे, हा जगभरच्या पागांमधला ठोकताळा. यातलं चीक पिणं सर्वांत निकडीचं, कारण घोडीच्या वारेतून रोगाशी लढणारी द्रव्यं गर्भात पोचत नाहीत. ती चिकातूनच मिळतात, आणि शिंगराचं आतडं ती पहिल्या चोवीस तासांपुरतीच शोषून घेऊ शकतं.

एक-दोन दिवसांत ते आईच्या कुशीला लागून धावू लागतं. दहा-बारा उड्या, मग आडवं पडून गाढ झोप, उठून दूध, पुन्हा एक भरधाव फेरी. हे बागडणं म्हणजेच त्याचं पहिलं ट्रेनिंग. हाडांची घनता, सांध्यांतली कूर्चा (हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण), पायांच्या मागच्या कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्या) याच महिन्यांत वापराप्रमाणे घडत जातात. १९९० च्या दशकात नेदरलँड्समध्ये शिंगरांचे तीन गट करून हे तपासलं गेलं. एक गट खोलीत बंद ठेवला, दुसरा खोलीतच ठेवून रोज वेगाने पळवून आणला आणि तिसरा कुरणात मोकळा सोडला. पाच महिन्यांनंतर कुरणातल्या पिल्लांची वाढ सर्वांत निरोगी दिसली. बंद ठेवून ठरावीक वेळी जोरात पळवलेल्या पिल्लांच्या कूर्चेवर मात्र पुढे त्रास देतील असे परिणाम आढळले. दिवसभराची स्वतःच्या मर्जीची हालचाल आणि एका दमात उरकलेला व्यायाम यांत शरीर फरक करतं. आता या निष्कर्षाशेजारी जानेवारीतला जन्म ठेवून बघा. थंड प्रदेशात त्या महिन्यात कुरण गोठलेलं असतं. पिल्लाला सर्वाधिक मोकळीक हवी असते ते आठवडे त्याने खोलीत किंवा छोट्या वाड्यात काढायचे, कारण दीड वर्षाने त्याला लिलावात दोन बोटं उंच दिसायचं आहे.

इथे काही प्राणिप्रेमी म्हणतात की घोडा चार-पाच वर्षांचा होईपर्यंत त्याच्यावर बसूच नये. त्यांची काळजी खरी आहे, म्हणून त्यांचा मुद्दा नीट बघायला हवा. घोड्याची हाडं टोकाशी असलेल्या वाढीच्या चकतीतून वाढतात, आणि प्रत्येक चकती आपापल्या वेळी बंद होते. पुढच्या पायाच्या नळीच्या, म्हणजे गुडघ्याखालच्या हाडाची खालची चकती सहा ते नऊ महिन्यांत बंद होते, गुडघ्याच्या लगेच वरची साधारण दोन ते अडीच वर्षांत. पाठीच्या मणक्यांचं काम पाच वर्षांपर्यंत आणि त्यापुढेही चालू राहतं. म्हणजे दोन वर्षांचा असताना शर्यतीत उतरणारा घोडा पूर्ण वाढलेला नसतो, याबद्दल वाद नाही.

पण ‘वाढ पूर्ण झालेली नाही, म्हणून काम देऊ नका’ हा निष्कर्ष चुकीचा आहे. हाड ज्या भाराला सामोरं जातं त्या भारासाठी घडतं, आणि न वापरलेलं हाड कमकुवतच राहतं. पेन्सिल्वेनिया विद्यापीठात डेव्हिड न्यूनामेकर यांनी कोवळ्या घोड्यांच्या नळीच्या पुढच्या बाजूला होणाऱ्या दुखण्याचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. अमेरिकेतल्या तबेल्यांत दोन वर्षांच्या घोड्यांना हे दुखणं सर्रास होतं. नळीवर हात फिरवला की घोडा पाय आखडून घेतो, कातडीखाली गरम, हुळहुळती सूज लागते. न्यूनामेकर यांच्या लक्षात आलं की लांबवर संथ पळवत ठेवलेल्या घोड्याचं हाड संथ पळण्यासाठी घडतं आणि अचानक वेग वाढला की दुखावतं. आठवड्यातून ठरावीक वेळा, अगदी थोड्या अंतरापुरता वेग सुरुवातीपासूनच दिला तर हाडाचा आकार वेगाला साजेसा होतो आणि हे दुखणं कमी होतं. कंडरांचं तर त्याहून निकडीचं आहे. त्यांची भाराप्रमाणे बदलण्याची क्षमता दोन वर्षांच्या वयाच्या आसपास ओसरू लागते. घोड्याला चार वर्षं नुसता उभा ठेवणं ही दया नव्हे. त्याने नंतर पळू नये असंच ठरवलं असेल तर गोष्ट वेगळी.

घोडामालक आणि ट्रेनर मंडळी हेच संशोधन पुढे करतात आणि त्याला आकडेवारीची जोड देतात. दोन वर्षांचे असताना शर्यत धावलेले घोडे पुढे जास्त वर्षं आणि जास्त शर्यती धावतात, असं अनेक देशांतल्या नोंदींतून दिसतं. अमेरिकेत जीवघेण्या दुखापतींची राष्ट्रीय नोंद २००८ पासून ठेवली जाते आणि तिच्यातही दोन वर्षांच्या घोड्यांचं प्रमाण मोठ्या घोड्यांपेक्षा कमी आहे. हे आकडे खरे आहेत. ते लपवून वाद घालणाऱ्यांचा मला राग येतो, कारण त्याने चांगली बाजूही संशयास्पद होते.

मात्र या आकड्यांतून काय सिद्ध होतं ते तपासायला हवं. दोन वर्षांचा असताना शर्यतीपर्यंत कोण पोचतं? ज्याचे पाय सरळ आहेत, ज्याला नळीचं दुखणं झालं नाही, ज्याच्या सांध्यात कूर्चेचा तुकडा सुटलेला नाही, असा मुळातच धडधाकट घोडा. बाकीचे त्याआधीच मागे राहतात, आणि तीन वर्षांचे झाल्यावर पहिल्यांदा धावणाऱ्यांत या मागे राहिलेल्यांची संख्या मोठी असते. मग तुलना लवकर आणि उशिरा सुरुवात करणाऱ्यांची उरत नाही, ती निरोगी आणि आधीच दुखावलेल्या घोड्यांची होते. लवकर काम दिलं तर घोडा नासतोच असं नाही, इतकंच या आकडेवारीतून निघतं. १ जानेवारीच्या हिशेबाने सगळ्या घोड्यांना एकाच वेळी वेगात ढकलणं योग्य आहे, असं त्यातून निघत नाही. शर्यतीपर्यंत न पोचलेल्या शिंगरांचं काय झालं, हे तर या तक्त्यांत कुठेच नसतं, कारण तक्ता पहिल्या शर्यतीपासून सुरू होतो.

हाडाच्या दुरुस्तीची एक रीत इथे समजून घ्यायला हवी. वेगात पळताना एका क्षणी घोड्याचा सगळा भार एकाच पुढच्या पायावर येतो, आणि तो त्याच्या वजनाच्या अडीच पटीच्या आसपास जातो. साडेचारशे-पाचशे किलोच्या जनावराच्या बाबतीत याचा अर्थ टनाहून जास्त. त्याने हाडात बारीक, डोळ्याला न दिसणाऱ्या चिरा पडतात. शरीर त्या दुरुस्त करतं, पण आधी खराब भाग खरवडून काढतं आणि मग नवं हाड भरतं. खरवडणं काही आठवड्यांत होतं, भरायला महिने लागतात. मधल्या काळात हाड आधीपेक्षा कमजोर असतं, आणि घोडा बाहेरून ठणठणीत दिसतो. विश्रांतीनंतर परतलेल्या घोड्यांत खांद्याखालच्या हाडाचे फ्रॅक्चर जास्त का होतात, याचं उत्तर इथे सापडतं. कॅलिफोर्नियात १९९० पासून रेसकोर्सवर मेलेल्या प्रत्येक घोड्याचं शवविच्छेदन होतं. त्यातून दिसून आलं की ज्यांना आपण ‘एकाएकी पाय मोडला’ म्हणतो, त्या बहुतेक घोड्यांच्या त्या जागी जुनी इजा होतीच. पाय एकाएकी मोडत नाही. तो आठवडेच्या आठवडे मोडत आलेला असतो, आणि त्या आठवड्यांत पुढची शर्यत कधी आहे हे कॅलेंडर सांगत असतं.

म्हणून चांगल्या ट्रेनरची सकाळ घड्याळ हातात घेऊन सुरू होत नाही. उजाडायच्या आधी तो एकेका खोलीत जातो, घोड्याशेजारी वाकतो आणि तळहात गुडघ्यापासून खुरापर्यंत सावकाश फिरवतो. कालच्यापेक्षा आज नळी कोमट लागते का, घोट्याच्या मागे किंचित भरल्यासारखं आहे का, कंडरेवर दाब दिला की कान मागे जातात का. मग चंदीचं भांडं बघतो, कारण रात्रीची चंदी ठेवून दिलेला घोडा काहीतरी सांगत असतो. वर्षानुवर्षं असा हात फिरवलेल्या माणसाला यंत्रापेक्षा लवकर कळतं असं मी म्हणणार नाही, पण त्याला रोज कळतं. त्या हाताला शंका आली की घोडा दोन आठवडे चालवायचा, पळवायचा नाही, एवढा साधा निर्णय असतो. अडचण अशी की त्याच दोन आठवड्यांत लिलाव असतो किंवा वर्षातून एकदाच येणारी मोठ्या बक्षिसाची शर्यत असते, आणि मालकाचा फोन येतो.

लिलावाचा भाग मला सर्वांत आक्षेपार्ह वाटतो. अमेरिकेत केंटकीतल्या कीनलँडचा सप्टेंबरचा लिलाव किंवा इंग्लंडमध्ये न्यूमार्केटमधला टॅटरसॉल्सचा ऑक्टोबरचा लिलाव, अशा ठिकाणी घोडा साधारण दीड वर्षाचा असताना विकला जातो. त्याआधीचे दोन-तीन महिने त्याला तयार केलं जातं. अंगावरची चमक उन्हाने विटू नये म्हणून दिवसा खोलीत ठेवतात, भरपूर चंदी देतात, हाताने धरून चालवतात. कोवळ्या वयात जास्त पिष्टमय खाणं आणि झपाट्याची वाढ यांतून सांध्यांच्या कूर्चेचे आजार बळावतात, हे पशुवैद्यक कधीपासून सांगत आले आहेत. दूध तुटल्यावर चंदीवर वाढवलेल्या शिंगरांत लाकूड चावत हवा गिळण्याची खोड जास्त आढळते, हेही नोंदवलेलं आहे. वाकडे पाय सरळ दिसावेत म्हणून वाढीच्या चकतीत स्क्रू बसवून नंतर काढले जातात. हाडाची झीज थांबवणारी बिसफॉस्फोनेट गटातली औषधं अमेरिकेत २०१४ मध्ये मंजूर झाली ती चार वर्षांवरच्या घोड्यांसाठी. पण विक्रीआधी कोवळ्या घोड्यांनाही ती टोचली जातात, अशी शंका इतकी बळावली की पुढे लिलाव कंपन्यांना तपासणीचे नियम आणावे लागले आणि कोवळ्या घोड्यांसाठी त्यांच्यावर बंदी आली. ज्या वयात हाडाने खरवडून-भरून स्वतःला घडवायचं, त्या वयात ती प्रक्रियाच थांबवणारं औषध, आणि तेही एक्स-रे स्वच्छ दिसावा म्हणून. हे दुष्कृत्य आहे, यापेक्षा सौम्य शब्द मला सापडत नाही.

मग येतात दोन वर्षांच्या घोड्यांचे वसंतातले लिलाव. तिथे घोडा पळवून दाखवतात, अंतर बहुधा एक फर्लांग, म्हणजे २०१ मीटर, आणि स्टॉपवॉचचा काटा किंमत ठरवतो. २००६ च्या फेब्रुवारीत फ्लोरिडातल्या अशा लिलावात द ग्रीन मंकी नावाच्या घोड्याने हे अंतर ९.८ सेकंदांत कापलं. म्हणजे ताशी सुमारे ७४ किलोमीटर. त्याचा जन्म ४ फेब्रुवारी २००४ चा, त्याला दोन वर्षं पूर्ण होऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते. तो १ कोटी ६० लाख डॉलरना विकला गेला. पुढे तो तीन शर्यती धावला, एकही जिंकला नाही, आणि त्याची एकूण कमाई १०,४४० डॉलर झाली. एका घोड्यावरून नियम काढू नये हे मला कळतं, आणि त्या दिवसाच्या पळण्यानेच तो बिघडला असंही मी म्हणत नाही. पण ९.८ सेकंदांच्या त्या पळण्यातून तो शर्यतीत कसा पळेल हेसुद्धा कळलं नाही. ज्या चाचणीतून कोवळ्या पायांना धोका पोचतो आणि खरेदीदारालाही माहिती मिळत नाही, ती चालू राहते याचं कारण एकच. विकणाऱ्याचा पैसा त्या दहा सेकंदांवर अवलंबून आहे.

याउलट पाठीवर बसू देण्याची तालीम बघा. घाई नसेल तर ती किती शांतपणे होते! दीड वर्षाच्या घोड्याला आधी तोंडात लगामाची कडी नुसती चघळू देतात. मग पाठीवर पट्टा, काही दिवसांनी खोगीर. मग लांब दोऱ्या धरून माणूस मागून चालतो आणि घोडा डावं-उजवं शिकतो. एके दिवशी हलका स्वार त्याच्या पाठीवर पोटावर आडवा होतो, पाय लोंबकळत, आणि दुसरा माणूस डोक्याशी उभा राहून बोलत राहतो. घोड्याच्या पाठीचे स्नायू ताठ होतात, एक कान मागे वळतो, श्वास अडकतो. स्वार हलत नाही. थोड्या वेळाने घोडा फुरफुरून श्वास सोडतो आणि पाठ सैल पडते. त्या क्षणापर्यंत थांबलं तर पुढच्या दिवशी काम सोपं होतं. न थांबता पाय टाकून बसलं तर उधळणारा घोडा हातात येतो आणि ती खोड मोडून काढण्यात महिने जातात. हे काम करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे की काही घोडे आठवड्यात तयार होतात आणि काहींना दीड महिना लागतो. मनाच्या बाबतीत हा फरक मान्य करणारे लोक हाडांच्या बाबतीत सगळ्यांना एकच तारीख कशी लावतात?

ही पद्धत पूर्वापार चालत आलेली आहे, असंही कुणी म्हणू नये. थरोब्रेडच्या इतिहासातला सर्वांत मोठा मानला जाणारा इक्लिप्स १७६४ मधला, सूर्यग्रहणाच्या दिवशी जन्मलेला. तो पहिली शर्यत धावला १७६९ मध्ये, पाच वर्षांचा झाल्यावर, आणि १८ शर्यतींत कधीच हरला नाही. त्या काळी चार-चार मैलांच्या फेऱ्या असत आणि त्यासाठी घोडा पुरता वाढलेला लागे. मग मालकांना लवकर निकाल आणि लवकर पैसा हवासा झाला, अंतरं कमी झाली, वय खाली आलं. दोन वर्षांच्या घोड्यांसाठीची आजही चालू असलेली सर्वांत जुनी शर्यत, न्यूमार्केटची जुलै स्टेक्स, १७८६ ची. इंग्लंडमध्ये घोड्याचं वय पूर्वी १ मेपासून मोजत, म्हणजे निसर्गाच्या बऱ्यापैकी जवळच्या तारखेपासून. एकोणिसाव्या शतकात ते १ जानेवारीवर आलं. माणसांनी आपल्या सोयीने तारीख एकदा हलवली आहे, तर घोड्याच्या सोयीने नियम हलवायला हरकत नसावी.

उशिरा सुरुवात केल्याने घोडा मागे पडत नाही, याची उदाहरणं डोळ्यांसमोर आहेत. झेन्याटा ही घोडी पहिल्यांदा धावली नोव्हेंबर २००७ मध्ये, शर्यतीच्या हिशेबातलं तिचं तीन वर्षांचं वय संपत आलेलं असताना. ट्रेनरने तिच्या थोराड शरीराला वेळ दिला. ती २० पैकी १९ शर्यती जिंकली आणि सहा वर्षांची होईपर्यंत धावली. उलट बाजूची उदाहरणंही आहेत. सीबिस्किट १९३५ मध्ये, दोन वर्षांचा असताना, ३५ वेळा धावला आणि तरी पुढे महान झाला. पण त्याच्यासारखं किती घोड्यांनी ते सोसलं असेल? आणि नुसती उशिरा सुरुवात पुरत नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. जस्टिफाय २०१८ च्या फेब्रुवारीत पहिल्यांदा धावला आणि ९ जूनपर्यंत त्याने ट्रिपल क्राउन (अमेरिकेतल्या तीन वर्षांच्या घोड्यांच्या तीन मोठ्या शर्यती, केंटकी डर्बी त्यांतलीच एक) पूर्ण केला. दोन वर्षांचा असताना एकही शर्यत न धावता केंटकी डर्बी जिंकणारा तो १८८२ नंतरचा पहिलाच घोडा. चार महिन्यांपेक्षा कमी काळात सहा शर्यती झाल्या आणि कारकीर्द संपली. सुरुवात उशिरा झाली तरी शेवटची तारीख तीच राहिली, तर मधला काळ दाबला जातो. डर्बी तीन वर्षांच्या घोड्यांसाठीच, तीही मे महिन्यातच, आणि सगळी प्रतिष्ठा तिथेच. इतक्या मोठ्या शर्यती इतक्या कोवळ्या वयाभोवती बांधल्या असतील तर धीर धरणाऱ्या ट्रेनरलाही शिक्षाच होते.

खर्चाचा आक्षेप सर्वांत मोठा आहे आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. घोड्याचा रोजचा खर्च मालक उत्पन्न नसताना सोसतो. एक वर्ष जास्त थांबायचं तर लहान मालक टिकणार कसा? खरं आहे. म्हणूनच मी बंदी मागत नाही, बक्षिसांची फेरवाटणी मागतो. आज ऑस्ट्रेलियात गोल्डन स्लिपरसारख्या दोन वर्षांच्या घोड्यांच्या शर्यतीला प्रचंड बक्षीस आहे, आणि सगळा पैदास-व्यवसाय त्या १२०० मीटरकडे डोळे लावून असतो. लवकर तयार होणारं बीज महाग होतं, टिकाऊ बीज मागे पडतं. हाच पैसा चार आणि पाच वर्षांच्या घोड्यांच्या शर्यतींकडे हळूहळू वळवला तर थांबणं फायद्याचं होईल, आणि दहा-पंधरा वर्षांत पैदासही त्या दिशेने वळेल. लहान मालकाचाही यात फायदाच आहे, कारण घाईत दुखावलेल्या घोड्याची झीज सोसण्याची ताकद सर्वांत कमी त्याच्याकडेच असते.

नियमांनी फरक पडतो याचा पुरावा हवा असेल तर अमेरिकेकडे बघा. २०१८-१९ च्या हंगामात कॅलिफोर्नियातल्या सँटा अनिता रेसकोर्सवर ३० घोडे मेले तेव्हा देशभर संताप उसळला. २०२० मध्ये संघराज्याच्या पातळीवर कायदा झाला आणि २०२२ पासून सुरक्षेचे एकसारखे नियम लागू झाले. दर हजार धावांमागे मरणाऱ्या घोड्यांचं प्रमाण २००९ मध्ये २.०० होतं, ते २०२२ मध्ये १.२५ वर आलं होतं. सँटा अनिताला २०१९ च्या डिसेंबरपासून उभ्या घोड्याच्या घोट्याचं पेट स्कॅन करणारं यंत्र आहे. एक्स-रेमध्ये काही दिसण्याआधीच हाडातली धोक्याची जागा त्यात दिसते. २०१९ चा एप्सम डर्बी विजेता अँथनी व्हॅन डाइक पुढच्याच वर्षी ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न कप शर्यतीत पाय मोडून गेला, आणि त्यानंतर परदेशी घोड्यांना तिथे धावण्याआधी पायांचं स्कॅन बंधनकारक झालं. म्हणजे हाडाची तयारी बघण्याची साधनं आता आहेत. ती मोठ्या शर्यतींपुरती आणि मोठ्या घोड्यांपुरती राहिली आहेत, एवढंच.

ती सर्वांत आधी हवीत ती पहिल्या शर्यतीपूर्वी. दोन वर्षांच्या घोड्याला प्रवेश देताना त्याचे खरे महिने मोजावेत, खरे चोवीस महिने पूर्ण झाल्याशिवाय कुठल्याही फाटकातून त्याला सोडू नये, आणि गुडघ्याच्या वरची चकती किती मिटली आहे याचा एक्स-रे अर्जाला जोडावा. लिलावात घोडा पळवून दाखवायचा तर दाखवा, पण घड्याळ न लावता, सहज चालीने. जाणकार खरेदीदाराला घोड्याचं पाऊल आणि श्वास त्यातूनही कळतो. या तिन्ही गोष्टी पुढच्या हंगामापासून करता येतील इतक्या साध्या आहेत.

नोंदीचं काम थोडं मोठं आहे. आज शिंगराच्या जन्मापासून पहिल्या शर्यतीपर्यंत त्याच्या शरीरावर जे जे झालं, ते सगळं बहुतेक ठिकाणी विकणाऱ्याच्या फायलीत राहतं. पायात बसवलेले स्क्रू, सांध्यात टोचलेली औषधं, दोन महिने खोलीत उभं राहण्याचं कारण, यातलं नव्या ट्रेनरला काही कळतं आणि काही कळत नाही. हाँगकाँगमध्ये घोडा तिथे दाखल झाला की त्याच्या दुखण्यांची नोंद जॉकी क्लब सगळ्यांसाठी खुली ठेवतो. पैज लावणाऱ्या सामान्य माणसालाही ती वाचता येते, आणि म्हणून कुठला व्यवसाय बुडालेला नाही. तीच नोंद जन्माच्या रात्रीपासून सुरू झाली पाहिजे आणि घोड्याबरोबर मालकामागून मालकाकडे गेली पाहिजे, अगदी शर्यती संपल्यानंतरच्या मालकापर्यंत. १९८६ ची केंटकी डर्बी जिंकलेला फर्डिनांड २००२ मध्ये जपानमध्ये कत्तलखान्यात गेला, आणि बाहेरच्या जगाला ते कळलं दुसऱ्या वर्षी. डर्बी जिंकलेल्या घोड्याचा माग असा सुटत असेल, तर पहिल्या शर्यतीआधीच तबेल्यातून गेलेल्या शिंगरांची वही कुणाकडे आहे, हे प्रत्येक देशाच्या शर्यत-मंडळाला विचारलं गेलं पाहिजे.